नवनाथने ओढलेली तार

मंगळवार, १७ नोव्हेंबर

आले एकदाची. अमळनेर ते सुरत रेल्वे, सुरतहून वापी, वापीहून थोरल्या पोराच्या, प्रमोदच्या गाडीत सिल्वासा. कंबर मधेच नवापूरला उतरून गेली, बाकीची मी पोचले.

मी तानूबाई. वय विचारू नये. अक्षर एक शिकले नाही, म्हणून माझी वही सूनबाई, वर्षा, लिहिते. वही कसली, मांडीवरचं मशीन. तिचं कामच ते. दूर कुठले डॉक्टर रोग्यांविषयी बोलून ठेवतात, ते नेटवरून हिच्या कानात येतं आणि ही घरबसल्या टाइप करते. मी म्हटलं, परक्या डॉक्टरांचं दिवसभर ऐकतेस, सासूचं घटकाभर ऐकलंस तर काय कान झिजतील? तर म्हणाली, सांगा आई, पण आमच्या कामाचा नियम आहे. जे कानावर येईल ते जसंच्या तसं. आपल्या पदरचं घालायचं नाही, ऐकलेलं गाळायचं नाही. मी म्हटलं, मग तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यापासून सुरुवात कर. हसतेय. हसू नको, लिही.

घर झकास आहे. गल्लीच्या टोकाला, वर गच्ची, गच्चीतून दमणगंगा दिसते. पुढे ओटा, ओट्यासमोर विजेचा खांब आणि खांबाच्या पायथ्याशी लोखंडी पेटी, गल्लीच्या विजेचा खटका तिच्यात. प्रमोद गलोंड्याच्या कारखान्यात मेंटेनन्सचा साहेब आहे. तिथली मोठाली यंत्रं याच्या शब्दावर चालतात म्हणे. घरातला नळ मात्र दिवाळीपासून टपकतोय. पुणेरी सून म्हणते, सांगून थकले. मी म्हटलं, कारखान्यात तक्रार टाक, तिथून साहेब पाठवतील.

या गावात मी आजवर आले नव्हते. माझा धाकटा, नवनाथ, इथेच गेला. सहा वर्षं झाली. दोघे भाऊ तेव्हा मिळून नेटच्या तारा ओढण्याचं काम घेत. नवनाथ दारू पिऊन खांबावर चढला आणि पडला, राखोलीकडे कुठेतरी, असं प्रमोदने सांगितलं. बिनलग्नाचा पोर, आणि असं मरण. रागाने मी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. सहा आखाज्या झाल्या, मी त्याची भरली नाही.

पुरे आता. चहा ठेव, बाई.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

आज नेटवर पंचायत बसली. नेट म्हणजे काय ते मला दोन दिवसांत कळलं : मशीनवर एक चाक फिरतं आणि सून कपाळाला हात लावते. डॉक्टरचं बोलणं उतरायला इतका वेळ लागतो की रोगी तोवर बरा होऊन घरी जाईल, नाहीतर वर. काम वेळेत परत गेलं नाही म्हणून वर्षाला दोन ताकिदी आल्यात. तिसरी आली की नोकरी गेली.

कंपनीची माणसं चार वेळा येऊन गेली. नवा डबा बसवला, नवे सांधे मारले. त्यांचं म्हणणं, खांबापर्यंत नेट धावतं, खांबापासून घरापर्यंत रांगतं.

प्रमोद म्हणाला, आता आकाशातून नेट मिळतं. गच्चीवर एक थाळी बसवायची, तिचं बोलणं थेट उपग्रहाशी. तार नको, खांब नको. वर्षाला पटेना. महाग फार, आपल्याकडे धो-धो पाऊस, ढग दाटले की अडखळतं, आणि लाइट गेली की थाळी पण मुकी. सुरंगीसारख्या रानातल्या गावाला, जिथे तारच पोचत नाही, तिथे ते ठीक. आपल्या दारात खांब आहे, मग आकाशात कशाला जायचं? मीही विचारलं, अरे, देवाला इतक्या वर्षांत माझं ऐकू गेलं नाही, तुझ्या त्या थाळीला जाईल?

वर्षा म्हणाली, खांबापासून घरापर्यंतची तेवढी एक तार बदलून बघू, मग ठरवू. सरळ बोलणं. पण प्रमोद ताटावरून उठला. म्हणाला, त्या तारेला कोणी हात लावायचा नाही.

भातावर वरण तसंच राहिलं. माझा पोरगा वरणभात टाकून उठलेला मी पहिल्यांदा बघितला.

शनिवार, २१ नोव्हेंबर

सकाळी गच्चीवर गेलो. थाळीला उघडं आभाळ लागतं. फोन आभाळाकडे धरून गोल फिरायचं, आडवं काय येतं ते तो दाखवतो. प्रमोद फिरत होता, मी मागून म्हटलं, लग्नात पण इतके फेरे घेतले नव्हतेस. एका बाजूला शेजाऱ्याची टाकी, दुसरीकडे आंबा. मोकळी जागा एकच निघाली, रस्त्याकडचा कोपरा. तिथून घराची विजेची तार हातभर लांब आहे. तिथे लोखंडी पाइप उभा करून वर थाळी बसवायची.

त्याच कोपऱ्यावरून नेटची काळी तार खांबाकडे जाते. प्रमोदने तिकडे एकदाही बघितलं नाही.

दुपारी वर्षा मशीन घेऊन जवळ आली. म्हणाली, आई, तीन दिवस झाले, प्रत्येक डॉक्टरचं बोलणं संपलं की शेवटी एक माणूस काहीतरी म्हणतो. तुमच्या बोलीत वाटतं. नियम म्हणून टाइप केलंय, पण मला अर्थ लागत नाही. तिने वाचलं : "भाऊ, लाईन बंद करी का?"

मी हसले. अगं, ही अहिराणी. भाऊ, लाइन बंद केलीस का, असं विचारतोय. आमच्याकडचा कोणी वायरमन तुझ्या डॉक्टरच्या पोटात शिरलाय. शस्त्रक्रिया कर म्हणावं.

वर्षा हसली नाही. म्हणाली, तीन दिवसांत एकवीस वेळा, आणि डॉक्टर सगळे वेगवेगळे.

सोमवार, २३ नोव्हेंबर

मीच मागितलं. वर्षाने ते कानाचं माझ्या डोक्यावर बसवलं. आधी एक बाई इंग्रजीत भराभर बोलली. मग खरखर. मग वाऱ्याचा आवाज, उंचावर असतो तसा. मग तो बोलला.

नवनाथ.

आई चुकत नाही. 'भाऊ' म्हणताना त्याचा श्वास अडकायचा, लहानपणी घटसर्प झाला होता तेव्हापासून. तसाच अडकला. आणि जीभ साफ होती गं. दारू प्यालेल्याची जीभ मी ओळखते, त्याच्या बापाची तीस वर्षं ऐकली आहे. माझा पोरगा प्यालेला नव्हता.

मी वर्षाला विचारलं, तो कुठल्या खांबावरून पडला? तिने बोटाने दाखवलं. समोरचा. राखोलीकडे नाही, इथेच. तिची नोकरी नुकतीच लागली होती, तिच्या नेटसाठी दोघे भाऊ हीच तार ओढत होते. ती तेव्हा पुण्याला होती. प्रमोदने तिलाही दारूचंच सांगितलं होतं, आणि मायला खांब कुठला ते सांगू नको, म्हणून बजावलं होतं.

सहा वर्षं ही बाई त्याच्याच हाताने ओढलेल्या तारेवर काम करतेय.

लिही.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आज पुढचं ऐकू आलं. दुपारचे बारा, कडक ऊन, दोघींनी एकेक कान लावला होता.

तो म्हणाला, "भाऊ, लाईन बंद करी का?"

आणि खालून उत्तर आलं, "करी रे. चढ तू."

वर्षाची बोटं थांबली. तिला आता अर्थ सांगावा लागला नाही. आवाज तिच्या नवऱ्याचा होता.

नंतर जे ऐकू आलं ते मी सांगणार नाही. तिने टाइप केलं असेल तर असू दे.

खांबाखालच्या पेटीतला खटका याने खाली केला नव्हता. केला म्हणाला. आणि मग माझ्या नवनाथला दारुडा केलं. मी, त्याची जन्मदाती, विश्वास ठेवला. पाण्याची एक घागर नाकारली मी त्याला.

ऐक वर्षा, हे पण लिही. प्रमोदला पण कळू दे. आपण वर असावं, विश्वासाने विचारावं, आणि आपल्याच माणसाने खालून खोटं सांगावं, तर काय होतं ते त्यालाही कळू दे. मी त्याची माय म्हणून सांगते. होऊ दे.

वर्षाने हळूच विचारलं, हे खरंच लिहू? मी म्हटलं, नियम तुझा आहे.

तिने लिहिलं. त्याच वेळी मशीनवरचं चाक थांबलं.

बुधवार, २५ नोव्हेंबर

नेट धावतंय.

वर्षाचं दिवसभराचं काम अकरा वाजता संपलं. तिसरी ताकीद टळली. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, आम्ही काहीच केलेलं नाही.

डॉक्टरांच्या बोलण्यामागे आता कोणी काही विचारत नाही. वर्षा म्हणाली, गेला वाटतं. पोरगं हट्टाला पेटून एकदम गप्प झालं की त्याला हवं ते मिळालेलं असतं. दोन पोरं वाढवलीत मी.

होऊ दे म्हणाले होते. मी म्हणाले होते.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

थाळीचं खोकं आलं. मी प्रमोदला म्हटलं, परत कर. तार चांगली धावतेय, आता आकाशाची गरज काय? नाही म्हणाला. तेव्हा वर्षाने मशीन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चोवीस तारखेचं वाचलं.

तो जमिनीवरच बसला. म्हणाला, लाइन रीतसर बंद करायला वीज ऑफिसने दोन दिवस थांबायला सांगितलं होतं. पेटीतला खटका खाली केला असता तर गल्ली बोंबलली असती. पाच मिनिटांचं काम, माय, पाच मिनिटांचं. मी म्हटलं, काम पाच मिनिटांचं होतं, दारूचं खोटं सहा वर्षांचं आहे.

माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण दोन होते, त्यातला एक उरलाय —

कानाचं लावून मी मोठ्याने सांगितलं, नवू, बोलले ते परत घेते. त्याला सोड. मला ने हवं तर.

नुसता वारा.

शनिवार, २८ नोव्हेंबर

प्रमोद ऐकत नाही. म्हणतो, थाळी बसवली की ती तार मी माझ्या हाताने काढणार, तिच्यावरच तो अडकलाय. तार काढल्याशिवाय तो सुटायचा नाही. मी म्हटलं, मग कारखान्यातला वायरमन आण, तो अभिजीत आहे ना. तर म्हणाला, माझ्या कामासाठी आता दुसऱ्याला वर चढवणार नाही.

शहाणपण आलं. सहा वर्षं उशिरा, आणि नको त्या दिवशी.

वर्षा दुपारपासून फक्त लिहिते.

रविवार, २९ नोव्हेंबर, सकाळचे अकरा

दोघी ओट्यावर आहोत. प्रमोदने स्वतः पेटीतला खटका खाली केला, मला दाखवला. वर्षाने पण बघितला. लाइट गेली की गल्लीतलं कोणीतरी येऊन खटका वर करतं, म्हणून मला राखणीला बसवलंय. माय, पेटीला कोणाला हात लावू देऊ नको, एवढं सांगून वर गेला.

मी बघतेय. बोलत राहते म्हणजे डोळा लागणार नाही. तू लिहीत राहा.

गल्लीत कोणी नाही. पाइप ओढल्याचा आवाज येतोय वरून.

खटका खाली आहे.

खाली आहे.

एक कुत्रं आलं होतं पेटीपाशी. शेपूट घालून पळालं.

खाली —

वर्षा, तू बघ. कोणी आलं नाही ना? मी पापणी हलवली नाही. खटका वर आहे. कोणी हात लावला नाही गं, वर —

अगं, अजून लिहितेस काय, मशीन टाक, जिन्याने धाव —

प्रमोद वरून विचारतोय. माय, खटका खालीच आहे ना, पाइप उचलू?

मी नाही म्हणायला तोंड उघडलं —

"खालीच शे रे. उचल तू."

मी नाही. आवाज माझा आहे पण वर्षा, हे मी नाही बोलले, मी — प्रमोद, ठेव तो पाइप, ठे