आधी माझं रक्त तपासा

अमळनेर,
१४ मे

प्रिय दिपमाला,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. दीपनगरात उन्हाने जीव नकोसा झाला असेल. हे फोनवर बोलता येत नाही. सूनबाईचे कान तिखट आहेत, आणि तिला यातलं कळायला नको. वाचून पत्र फाडून टाक.

मेघा रोज पहाटे चोरून एक बारीक गोळी घेते आणि मग तासभर चहाला शिवत नाही, हे मागे कळवलंच होतं. गोळी थायरॉईडची निघाली. म्हणजे दुखणं लपवून मुलगी दिली! स्थळ तू आणलंस, म्हणून मागच्या पत्रात तुलाच म्हटलं, असोद्याला तिच्या माहेरी निरोप दे, रविवारी येऊन लेकीला घेऊन जा.

त्यानंतर तिने इथला रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. सगळं बरोबर. मी बरी विश्वास ठेवीन! ओळखीने असा कागद कुणीही आणतं. तिला सरळ धुळ्याला नेलं, सुईवरची नजर हलवली नाही. तरी वाटलंच, ही लॅब तरी खरी कशावरून? नवा तराजू आपण माहितीतल्या वजनानेच तपासतो ना? मी बाही वर केली. म्हटलं, "आधी माझं रक्त तपासा. मी ठणठणीत आहे. माझं चुकलं तर तुमचं दुकान खोटं."

मेघाचा रिपोर्ट नीट आला. माझा भलताच बिघडलेला.

नळ्या बदलल्या म्हणून मी भांडले. पुन्हा रक्त द्यायला गेले, नळीवर नाव स्वतः लिहिलं. पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, सुनेचं गोळीने ताब्यात आहे, तुमचं मात्र बरंच जुनं दिसतंय. थंडी वाजते का? अंग जड होतं?

दिपा, भर मे महिन्यात मी गोधडी घेऊन झोपते, हे तुलाही सांगितलं नव्हतं. सासूबाई ओट्यावर चार बायकांत म्हणायच्या, "आळशी शे हाई, बठ्ठा दिन बशी ऱ्हास." दिवसभर बसून राहणारी आळशी, हे मीही खरं मानलं गं. सकाळी अंग उचलायचं नाही, तर स्वतःलाच शिव्या द्यायचे. लिहितानाही रडू येतंय.

आज पहाटे मेघाने माझ्या उशाशी गोळी आणि पाणी ठेवलं. "आई, चहा दोघी मिळून घेऊ, तासाभराने." पाकिटावरचं नाव दोनदा वाचूनच मी गोळी घेतली. लपवलंस का, विचारलं. म्हणाली, "तुम्ही परत पाठवाल म्हणून."

मग हे पत्र लिहायला बसले.

असोद्याला निरोप दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर आजच जाऊन मागे घे, हात जोडते. आणि तुझंही रक्त तपासून घे. आपली आईही दिवसभर पडून असायची.

कधीच आळशी नसलेली,
तुझी रत्नाताई