आडवी रेघ दिसली हो!

प्रिय जळगावकर,

नावाने हाक मारावी तर नाव ठाऊक नाही. बाई की पुरुष, तेही नाही. थर्मासमध्ये बर्फावर ठेवलेला तुमचा डोळा जळगावहून एस.टी.ने धुळ्याला आला, एवढंच डॉक्टर बोलले. तुमच्या बुबुळावरचा पडदा माझ्या डोळ्यावर शिवला गेला. यापेक्षा जवळचं नातं असतं का, सांगा!

आज लिहायला बसले, कारण आज मला आडवी रेघ दिसली. या कागदावरची. सरळ, ठसठशीत, एकच्या एक!

तुम्हाला वाटेल, पट्टी निघाली त्याच दिवशी सगळं लख्ख झालं असेल. कुठलं हो! माझा एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्यात फूल पडलेलं. पट्टी निघाली तेव्हा उजेड बघूनच मी वेडी झाले. मग हळूहळू कळलं, विजेचा खांब दिसतो, तारा दिसत नाहीत. वाळत घातलेले कपडे दोरीशिवाय हवेत लोंबतात. वर्तमानपत्रातल्या अक्षरांची डोकीच गायब, नुसते काने उभे! आणि मी शिलाई करणारी बाई. उभी शिवण बरोबर यायची, खालची पट्टी वाकडी. शेजारणीचं पोलकं असं शिवलं की ती अजून मला त्यावरून हिणवते.

रागावू नका, पण जन्मात आडवं काही बघायची तुम्हाला सवयच नव्हती का?

आमच्या मायने, म्हणजे सासूबाईंनी, वेगळाच निकाल लावला. "तो जीव उपाशी शे," म्हणाल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या घागरी भरल्या, त्यांच्या शेजारी त्यांनी तुमची एक जादा भरली. वर खरबूज, सांजोरी ठेवली. निखाऱ्यावर घास टाकताना पितराचं नाव घ्यावं लागतं. तिथे त्यांचा हात थांबला. "काय नाव लेऊ वं?" मग त्यांनीच हाक मारली, "डोयाना मालक, जो कोनी व्हशी, ये, जेव. मनी सूनले नीट देखू दे."

जेवलात ना? मग दुसऱ्या दिवशीही तारा का दिसल्या नाहीत?

घरात सूर निघाला, दिसतं तेवढं पुरे, धुळ्याच्या खेपा बंद. शिलाईची मशीन विकायची भाषा सुरू झाली. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. मशीन गेली तर मला दिसून उपयोग काय? मी पुन्हा धुळं गाठलंच.

डॉक्टरांनी डोळ्यासमोर प्रकाशाची गोल कडी धरली. बुबुळावर तिचं प्रतिबिंब अंड्यासारखं लांबट पडलेलं. "पडदा चांगला आहे," ते म्हणाले, "टाके एका बाजूने जास्त ओढले गेलेत." अहो, हे मला कळणार नाही? दोरा ताणला की कापडाला चुण्या पडतातच! तुमच्यावर उगाच आळ घेतला आम्ही. जखम नीट भरू दिली, मग त्यांनी ताणलेले टाके निवडून काढले. एक काढायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं. दर खेपेला कडी थोडी गोल व्हायची आणि मी थोडी जास्त बडबडायची. उरलेली खोट चष्म्याने भरून निघेना, म्हणून आज त्यांनी कडक, टिकलीएवढी लेन्स डोळ्यात बसवली. माय सोबत होत्या. त्या ओरडल्याच, "डोयामा टिकली?"

डोळा चुरचुरला, घळाघळा पाणी आलं, आणि खिडकीबाहेर तारा! तारांवर साळुंक्या! मी एवढ्याने किंचाळले की कंपाउंडर धावत आला. घरी पोचताच सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात! माय रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आते ते शेजारनीनं पोलकं उसवी दे."

आनंदाने झोप येईल असं वाटत नाही. तुम्ही असता तर गळ्यातच पडले असते.

आता एक वचन देते. पुढच्या आठवड्यात मी जळगावला येणार. तुमचं घर शोधणार नाही, कुणाला काही विचारणार नाही. बाजारात उभी राहीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड सावकाश, नीट बघीन. तुमचं माणूस समोरून गेलं तरी मला ओळखू येणार नाही. तुम्ही मात्र पोटभर बघून घ्या.

तुमचीच,
धुळ्याकडची सुमन