मॉर्विथताईची हार्प

मी, इद्वल प्रॉसर, वय एकोणऐंशी, राहणार डॉल्गेथ्लाय, वेल्स, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि डोके ठिकाणावर असताना माझ्यामागची ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ते तसे नाही असे दाखवूनच मी जन्मभर पोट भरले, म्हणून हा खुलासा.

एक. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी भाची नेरिस हिला. स्वयंपाकघराचे दार कुरकुरते, ते तसेच राहू द्यावे. मला त्याची सोबत होती.

दोन. रंगमंचावरचे लाल चौकड्यांचे जाकीट शेजारी गेथिन रीस यांना. चॅपेलात ते माझ्या कार्यक्रमांना सैतानाचा बाजार म्हणत आणि मी रेडिओवर लागलो की खिडक्या लावून पोट धरून हसत. मधली भिंत पातळ आहे, हे त्यांना कळावे.

तीन. हार्प माझी थोरली बहीण, नेरिसची आई, मॉर्विथताई हिला. कारण लिहिणे भाग आहे. आमच्याकडच्या गाण्यात हार्प आधी सुरू होते, गाणारा मागाहून आपली वेगळी चाल घेऊन शिरतो आणि संपवायचे मात्र दोघांनी एकत्र. ताई गायची, मी वाजवायचो. डोंगरापलीकडून बोलावणी यायची. काय दिवस होते ते! एकदा सुगीच्या जलशात ती शिरणार तोच तार तुटली. ताई तशीच उभी, सगळे चिडीचूप. नवी तार ओढता ओढता मी पाद्रीसाहेबांच्या कवळीचा किस्सा सांगितला. लोक हसायचे थांबेचनात. तार लागली, पण "आणखी एक सांग रे इद्वल!" असाच ओरडा झाला. ताई खाली बसली.

पुढे कार्डिफ, रेडिओ, टीव्ही. हार्पवर नुसती टोपी अडकवली तरी हशा पिकायचा. त्या हशाची मला आजही ओढ आहे, खोटे कशाला बोलू? पण ताई एकाही कार्यक्रमाला आली नाही, पुन्हा गायलीही नाही. तिच्या आवाजावाचून मला करमले नाही.

पुढचा मजकूर आज, सहीच्या वेळचा. निदान त्या निमित्ताने माझा उंबरा चढेल म्हणून ताईला साक्षीला बोलावले. वकीलबाईंनी अडवले. "साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. यांना हार्प तरी मिळेल, नाहीतर यांची सही तरी होईल."

"पेन आण इकडे," ताई म्हणाली.

"अगं ताई, हार्प जाईल तुझी!"

"तू मेल्यावर ती घेऊन काय कपडे वाळत घालू? वाजवणार कोण? तारा लावून ठेव. रविवारी जेवण झालं की येते. आणि मध्येच तोंड उघडलंस तर उठून जाईन, सांगून ठेवते."

सबब कलम तीन रद्द. हार्प माझ्यामागे गावच्या शाळेला द्यावी. तूर्त ती मला लागणार आहे.

ठिकाण: डॉल्गेथ्लाय
दिनांक: १४ मार्च १९९४

सही: इद्वल प्रॉसर

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी सही झाली:
१. ह्यू एलिस, पाववाला
२. मॉर्विथ पॅरी, गायिका