‘मी शांत आहे’ हे निवेदन खोटे ठरवल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय तपासणी अधिकारी,
बंदर कार्यालय, खोली क्र. ९

विषय : रक्तदाब वाढल्यामुळे बजावलेली ‘खोटे निवेदन’ नोटीस मागे घेऊन शुक्रवारी शेवटची तपासणी करण्याबाबत.
संदर्भ : आपली सोमवारची नोटीस.

महोदय,

१. मी क्रेनचालक पदासाठी निवडलेला उमेदवार क्र. ११४. लेखी परीक्षा व क्रेनची चाचणी, दोन्ही उत्तीर्ण. चाळीस मीटर उंचीवर माझा हात हलत नाही. खोली क्र. ९ तळमजल्यावर आहे, तिथे हलतो.

२. तपासणीपूर्वी ‘मी शांत आहे’ या छापील ओळीखाली सही घेतात; त्याशिवाय दंडाला पट्टा बांधत नाहीत. तिन्ही वेळा मी सही केली, तिन्ही वेळा वरचा आकडा एकशे साठच्या पुढे गेला. शिपाईकाका दर दोन मिनिटांनी “शांत बसा म्हटलं ना!” असे ओरडून मदत करत होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आता मी कार्यालयाची फसवणूक केली, असा आरोप आहे.

३. माझी ताई परिचारिका आहे. तिच्या सांगण्यानुसार मेंदूच्या देठात ग्लुटामेट नावाचे अमिनो आम्ल काही पेशींना चेतवते आणि रक्तदाब चढतो. गाबा नावाचे दुसरे त्या पेशींना आवरते. आपला पट्टा दिसताच माझे गाबा कमी पडत असावे, असा तिचा अंदाज. घरी १२०/७८ भरतो. सबब, सही मी केली, आकडा त्या आम्लांनी काढला. त्यांची सही आपण घेतलेली नाही.

४. शुक्रवारी नापास झालो तर जागा उमेदवार क्र. ११५ ला जाईल. तो खोलीबाहेरच्या बाकावर शेजारीच बसून माझी पाठ चोळतो आणि “टेन्शन नको घेऊस रे” म्हणतो. इतक्या प्रेमाने मला धडकी भरते. पुढच्या महिन्यात माझी वयोमर्यादा संपते. पुन्हा अर्ज करता येणार नाही.

५. ‘शांत नाही’ लिहिले तर तपासणी होत नाही. ‘शांत आहे’ लिहिले तर दुसरा गुन्हा. तरी कृपया तिसरी ओळ छापावी : ‘प्रयत्न करत आहे’. जमत नसल्यास आपण क्रेनवर यावे व पट्टा तिथे बांधावा. शिडीवर मी आपल्याला धरीन, आणि कसलीही सही मागणार नाही.

साहेब, काहीतरी करा.

आपला नम्र व बाकावरच बसलेला,
(सही)
उमेदवार क्र. ११४
बुधवार

सोबत : हा अर्ज लिहिताना ताईने बाकावर येऊन घेतलेल्या नोंदी. ‘प्रति’ला १२२/७८, ‘महोदय’ला १४८/९२, परिच्छेद ४ नंतर ताईने यंत्र काढून घेतले.