बुडाशी लावलेली हळद

असोदा, शुक्रवार, २० डिसेंबर १९९६

प्रिय कुंदा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी आलं. येत्या सोमवारी तू पुण्याच्या परिषदेत शोध मांडणार, हे तुझ्या नानांनी ओट्यावर मोठ्यानं वाचलं, पेढे वाटले. शेजारची शेवंताबाई म्हणाली, “तुही पोर लोहचुंबक करते म्हने, तं माह्या जवायालेबी घरी ओढीसन आन म्हना!” सगळे हसले. मला हसू येईना.

दिवाळीत तू पिवळ्या भुकटीच्या त्या सात बाटल्या आणल्या होत्यास, मुंबईला चुंबकाची ओढ मोजायला न्यायच्या म्हणून. कॅडमियम-गंधकाचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक, त्यात चिमूटभर मँगनीज, असं चुलीपाशी बसून सांगितलंस. बाटलीगणिक मँगनीज वाढवलेलं. आधी चुंबकाची ओढ वाढते, पण फार झालं की शेजारचे कण एकमेकांविरुद्ध तोंडं फिरवतात अन् ओढ मंदावते. मी म्हटलं, विरजणासारखंच की! आणि आता लिहितेस, पुस्तकात काही असो, सातवीत ओढ मंदावलीच नाही, उलट चौथीत मंदावली. तेव्हापासून माझं पोथीत मन नाही. एकच ओवी तीनदा वाचते. दोनदा एसटीडी बूथवर गेले, तुझा आवाज आला की फोन ठेवला. ती मीच.

निघायच्या सकाळी तू न्हाणीत होतीस. यश येऊ दे म्हणून मी बाटल्या देवापुढे मांडल्या. झाकणाला कुंकू लावलं तर ओरडशील, म्हणून बुडाशी मेण लावून त्यावर कुंकवाची बारीक टिकली लावली, एकपासून ओळीनं. सातवीला कुंकू पुरलं नाही, नुसती हळद लावली. मग देवांना अंघोळ घालताना तांब्या कलंडला. चार आणि सात आकड्यांच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या. दोन्ही बाटल्या सारख्याच पिवळ्या. एसटीची वेळ झालेली, तू हाका मारतेस. कणकेच्या खळीनं अंदाजानं चिकटवल्या अन् गप्प बसले.

बुडाची हळद काल आठवली, दिवा लावताना. बाटल्या तुझ्याकडे परत आल्यात ना? सोमवारी बोलायला उठण्याआधी उलट्या करून बघ. हळदीच्या बाटलीवर चार लिहिलेलं असेल, तर तो शोध नाही, माझी चूक आहे. सरांना तसंच सांग, आईनं केलं म्हणून. तुझ्या हाताला बोल नको. अभिमनमामा केळीचा ट्रक घेऊन पुण्याला निघालाय, पत्र त्याच्याच हाती देते. नानांना मी सांगते. पेढे खाल्लेल्यांनाही.

तुझीच,
आई