बेडकांची आंघोळ आणि तुझ्या ट्रकची सीट

बकहॉर्न गल्च, कोलोराडो
२२ सप्टेंबर

प्रिय डेल्बर्टदादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे ग्लेनिसचा, नमस्कार. गुडघा कसा आहे? कुत्रं कसं आहे? (खरं तर कुत्र्याची चौकशी आधी करायला हवी, घर त्याचंच आहे.) इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुला माहीतच आहे, शाळेच्या भोजनघरात तीस वर्षं ताटं घासून निवृत्त झाल्यावर मला नुसतं बसवेना, म्हणून वरच्या केंद्रात बेडकांची सेवा करायला जाते. (हे खरखरीत कातडीचे, त्यांना खरं तर भेक म्हणायचं असतं, पण लहानपणी माझ्या दप्तरात टाकताना तू तरी कुठे म्हणायचास.) हल्ली त्यांच्या कातडीला एक बुरशी लागते आणि त्यात ते मरतात. आपल्या विलो तळ्यावर पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची, तिथे गेल्या उन्हाळ्यात नऊ सापडले. त्यातली एक म्हातारी बेडकी मात्र बुरशीला पुरून उरली होती, कारण तिच्या पाठीवर एक जांभळा जिवाणू होता. केंद्रातल्या मारिसेला नावाच्या डॉक्टरीणबाईंनी तो अलगद पुसून घेतला आणि बाटलीत वाढवला. पुढे म्हातारी वयानं गेली. आता केंद्रात वाढवलेल्या साठ पिल्लांना त्या जांभळ्या पाण्यात आंघोळ घालायची आणि बर्फ पडायच्या आत तळ्यावर सोडायचं, असा बेत होता.

आता केंद्राचा पहिला नियम असा, की बुरशी इकडची तिकडे जाऊ नये म्हणून बूट, बादल्या, जाळ्या, सगळं ब्लीचमध्ये बुडवायचं. हा नियम मला सांगणं म्हणजे तुझ्या कुत्र्याला हाड दाखवणं. मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. टब जांभळा आणि बुळबुळीत. फ्रिजमधल्या दोन्ही बाटल्या तशाच. मला जिवाणू नाही, तुझं घाणेरडं न्हाणीघर आठवलं. बाह्या सरसावल्या आणि तासाभरात ब्लीचनं सगळं लख्ख केलं. (बाटल्यांचे गळे टूथब्रशनं घासले.) डॉक्टरीणबाई आल्या, टब पाहिला, फ्रिज उघडून पाहिला आणि उपड्या बादलीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ग्लेनिसताई, तुम्ही थोड्या गबाळ्या असतात तर किती बरं झालं असतं."

दादा, मी घरी येऊन रडले. पिल्लं तशीच सोडली तर बुरशी त्यांना खाणार, आणि आत्ता नाही सोडली तर तळ्याचा रस्ता बर्फानं थेट जूनपर्यंत बंद. म्हातारीनं जे जपलं ते मी धुऊन टाकलं.

तुझ्या ट्रकबद्दल मी आजवर जे जे बोलले (ईस्टरला, तुझ्या लग्नात आणि आईच्या अंत्यविधीला), ते सगळं मागे घेते.

तुझी,
ग्लेनिस

ता. क. मागच्या महिन्यात तू मला केंद्रातून घरी सोडलंस, तेव्हा सीटखाली माझी एक प्लास्टिकची पिशवी राहिली. आत ओला टॉवेल आहे. आयुष्यात तेवढा एकच कपडा धुवायचा विसरले. त्यावरचे डाग ब्लूबेरीचे, असं मी सांगितलं होतं, ते खोटं; ते त्या जांभळ्या पाण्याचे. टॉवेल अजून ओलसर असेल तर त्यातून तो जिवाणू पुन्हा वाढवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तू ट्रक साफ केला नसशील, यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे.

ता. ता. क. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र माणसाच्या हाती पाठवलंय. ते घेऊन आलेली, आणि तू दोन पानं वाचेपर्यंत दारात ताटकळलेली बाई म्हणजेच डॉक्टरीणबाई मारिसेला. त्यांच्या हातात बर्फाची पेटी आहे. आधी ट्रकची किल्ली दे.

ता. ता. ता. क. पिशवी सीटखाली नसेल तर कुत्र्याकडे बघ. ते जांभळं दिसत असेल तर त्याला आंघोळ घालू नकोस. तशी तू घालणार नाहीसच.