ताईच्या चादरीवर चहाचा चोथा

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रच लिहितेय, कारण फोन केला की आई तुला चिकटून बसलेली असते आणि मला हवं ते बोलता येत नाही. तिला थंडीपुरती म्हणून नेलीस. आमच्याकडे पंखे सुरू झाले. तुझ्याकडची थंडी कधी सरणार तेवढं कळव.

हातानं कपडे धुऊन आईची बोटं आखडली, माझ्याकडे तिला मशीन आहे, असं तू चारचौघांत म्हणालीस तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण मनात राहिलं. म्हणून मीही मशीन घेतलं. तुझ्यासारखंच, तेवढंच, आणि ठेवलंही तुझ्यासारखंच, ओट्याखाली सिंकला लागून. ते नीट लागलं की येते, असं आईनं मला कबूल केलंय.

मागे तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा तू चहा गाळत होतीस आणि मी वाकून सगळं पाहून घेतलं. मळक्या पाण्याची नळी सिंकखालच्या वाकड्या पाइपात खोचलेली, वरून पट्टी आवळलेली. मशीन घरी आलं तेव्हा आमचे हे त्याचं माहितीपत्रक उघडून बसले होते. मी म्हटलं, ठेवा ते बाजूला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्याच धुण्याला आईची पांढरी चादर घातली. मशीन तिकडे फिरतंय, मी इकडे भांडी घासतेय. चादर बाहेर आली ती खरकट्याच्या वासाची, आणि तिच्यावर चहाचा चोथा! यांनी ती उजेडात धरली आणि साखर कमी पडली का म्हणून विचारलं. दोन दिवस मी त्यांना बिनसाखरेचाच चहा दिला.

तुझ्याकडे असं होत नाही. तुझ्याकडे कधीच काही होत नाही. तुम्ही त्या नळीचं आणखी काही केलं असेल तर सांग. मुद्दाम सांगितलं नसेल, तर तेही सांग.

राग धरू नकोस. धरलास तरी उत्तर धाड.
तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. चोथ्यापाशी आले आणि हसले. खोटं कशाला बोलू, छान वाटलं मला.

मग यांना विचारलं. ते म्हणाले, ताईंनी नळीची दोन टोकं पाहिली, मधली नळी पाहिलीच नाही. आमची नळी मशीनच्या मागून आधी वर जाते, ओट्याच्या अगदी पोटाशी एका आकड्यात अडकवलेली आहे, आणि तिथून खाली येऊन पाइपात शिरते. तुझी जमिनीवर लोळत असणार. मग सिंकमधलं पाणी नळीतून थेट मशीनच्या पोटात जातं. वर बांध, म्हणजे जायचं नाही. एक आकडा आणि सुतळीचा तुकडा, एवढंच काम.

झालं सांगून. आता माझं ऐक. आई इथे आहे, पण इथे नसते. सकाळी उठल्यापासून ताईकडे ऊन कुठे येतं, ताई कणीक किती मऊ मळते, ताईच्या दारावरून कोण कोण जातं. मी चार भाज्या केल्या तरी ती तुझ्याच हातच्या वरणाचं कौतुक करते. शाळेत मोज्यांची तपासणी असायची, आठवतं? तू रांगेत पुढे म्हणून तुझे मोजे नव्या फेसात, माझे तुझ्या उरलेल्या फेसात. अजून तेच चाललंय.

म्हणून मागणं आहे. मशीन लागलं तरी आईला इतक्यात कळवू नकोस. थोडे दिवस दे. तिच्या तोंडून एकदा तरी ‘माझ्या धाकटीकडे’ असं ऐकू दे, मग घेऊन जा.

लोभ असू दे, आणि माझ्या वाट्याला जरा जास्त.
तुझी धाकटी


१४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नळी वर बांधली. चादर अशी निघाली की यांनी टोमणा मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी ती दोरीवर टाकली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. दाखवायचं कुणाला?

तुझं मागणं वाचून आधी संताप आला. आठ वर्षं ती माझ्याकडे होती, तिच्या बोलण्यात मी येणार नाही तर काय शेजारीण येईल? पण मोज्यांचं मला खरंच माहीत नव्हतं गं. उन्हाळा सरेपर्यंत ठेव तिला. मी सांगते तिला की मशीन लागत नाही. लाड मात्र बेतानं कर, मला नंतर जड जाईल.

लोभ आहेच. मत्सरही आहे, तोही तुझ्याजवळच ठेवते.
ताई


१४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मशीन लागलं का असं तू विचारलंस. नाही लागलं. नळीचं काही जमत नाहीये, पाणी उलटं येतं. सध्या मी हातानंच धुते, माझी काळजी करू नकोस. तू तिथेच राहा. तिथे तुला सगळी सोय आहे, आणि धाकटी जपते तुला. तिचं वरण माझ्यापेक्षा बरं असतं, हे तिला एकदा सांग.

तुझ्या मायेची नेहमीचीच वाटेकरी,
थोरली


२० मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन लागत नाही म्हणतेस. चादरी तू एकटी पिळत असशील. भिजलेली चादर पिळायला दोन माणसं लागतात, एक टोक कुणीतरी धरावं लागतं. जावईबापू धरतील हे मी काही मानत नाही.

मी रविवारी येते. बोटांचं म्हणशील तर पिळण्यापुरती ती चालतात. इथे कपडे आपले आपण धुतले जातात, मी नुसती काचेसमोर बसून ते गरगर फिरताना बघते. माझ्या धाकटीकडे सगळं नीटनेटकं आहे. माझ्यावाचून तिचं काही अडत नाही. तुझं अडलंय.

सुखी राहा.
आई


२२ मार्च

ताई,

नमस्कार मागाहून करीन. मशीन लागलं म्हणून कळवलं असतंस तरी ती आली असती, लागत नाही म्हणून कळवलंस तर त्याहून लवकर निघाली! तुला हरवायचं कसं ते तरी सांग.

तुला जे पत्र पाठवलं त्यातलं ‘माझ्या धाकटीकडे’ तिनं मला वाचून दाखवलं. मी ऐकलं. आणि त्याच्यापुढे काय, तर माझं काही अडत नाही!

म्हणून काल मी अडवलं. ती आंघोळीला गेली तशी आकड्यावरची नळी काढून जमिनीवर टाकली, तिची लुगडी मशीनला लावली आणि सिंकमध्ये आख्ख्या किटलीचा चोथा ओतला. मशीन थांबल्यावर हाका मारत सुटले की आई, बघ गं, माझंही मशीन बिघडलं, आता कसं होणार! तिनं एक लुगडं उलगडलं, चोथा चिमटीत धरून पाहिला आणि मला विचारलं की वय काय झालं तुझं. मी खरं वय सांगितलं. मग ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर आम्ही दोघींनी लुगडी हातानं धुतली. एक टोक तिनं धरलं, एक मी. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती.

तरी ती येतेच आहे, शब्द दिलाय म्हणते. पण रविवारी दार उघडशील तेव्हा दोन पिशव्या दिसतील. एक तिची, एक माझी. मी उन्हाळाभर राहणार आहे. तुम्हा दोघींना एकटं सोडायला मी काही वेडी नाही.

अंथरूण तिच्या शेजारी माझं घालावं, एवढी कृपा असावी.
धाकटी